सासऱ्याला पोचलेली चंद्राची तिकिटं

तिओ पेंग स्यांगचे दुकान शोधावे लागत नसे. बेटावरच्या चिनी वस्तीत, किंबर्ली स्ट्रीटवर, बदकाच्या शेवयांची गाडी लागे, तिच्या मागेच भलेमोठे उघडे तोंड रंगवलेली पाटी होती. हिरड्या लालभडक, दात एकसारखे. पाटीखालच्या काचेच्या कपाटात कवळ्या मांडलेल्या असत. शेवया खाणाऱ्यांकडे त्या दिवसभर दात विचकून बघत, पण गाडीचे गिऱ्हाईक त्यामुळे कधी कमी झाले नाही. बसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या तोंडात पेंग स्यांगचेच काम होते.

दुकान त्याचे होते, घर नव्हते. पेंग स्यांग घरजावई होता. सासरे सॉ चेंग हुआट कोपऱ्यावर कॉफीचे दुकान चालवत. पुढचे दोन दात पडले तेव्हा ते सोन्याचे बसवून घ्यायला आले, आणि तेव्हा दुकान चालवणाऱ्या उस्तादाने ते काम शिकाऊ पेंग स्यांगच्या हाती सोपवले. दात असे बसले की म्हातारा आठवडाभर विनाकारण हसत फिरला. मग एक दिवस तो शिकाऊ पोराला घरी जेवायला घेऊन आला आणि बायकोला म्हणाला, "ज्याच्या हातात तोंड दिलं त्याच्या हातात मुलगी द्यायला काय हरकत आहे?" मुलगी एकुलती एक होती, गेक लान. लग्नानंतर ती कुठे गेली नाही, पेंग स्यांगच एक पत्र्याची पेटी घेऊन तिच्या घरी आला. गेक लान त्याला नावाने हाक मारी, आणि घरात त्याचा शब्द चालत नाही हे त्यावरून कळे.

शब्द चालत असे तिच्या आईचा. तिला सगळी गल्ली 'माक', म्हणजे आई, म्हणे, जावईही. माक जन्मभर विडा खात आली होती, त्यामुळे दात लवकर गेले आणि जावयाने तिला पूर्ण कवळी करून दिली. ती तिने चावण्यापेक्षा इतर कामांसाठीच जास्त वापरली. रुसली की कवळी काढून पाण्याच्या पेल्यात ठेवी आणि बोलणे बंद करी. भांडायचे असले की आधी कवळी लावून येई. सकाळी उठल्यावर गेक लान प्रथम पेल्याकडे बघे आणि मग दिवस कसा जाणार ते ठरवी.

म्हातारा गेला तेव्हा पितरांच्या देव्हाऱ्यात ठेवायला त्याचा एकही गंभीर चेहऱ्याचा फोटो सापडेना. सोन्याचे दात बसल्यापासून तो कॅमेऱ्यासमोर ओठ मिटायलाच तयार नसे. शेवटी हसराच फोटो मोठा करून घेतला, आणि फोटोवाल्याने हौसेने त्यातले दोन दात पिवळे रंगवले. बाकीच्या घरांतले पूर्वज वरून जरबेने बघत. ह्या घरातला पूर्वज जे काय चालले असेल त्याला हसत असे.

ज्या वर्षी माणसे चंद्रावर उतरली त्या वर्षी माकने पहिल्यांदा अमेरिकेवर राग धरला. "दोन महिन्यांवर चंद्राची पूजा आली," ती म्हणाली, "आणि हे तिथे बूट घालून फिरताहेत. देवीच्या अंगणात. आईबापांनी काही शिकवलं नाही का?"

पेंग स्यांगला मात्र त्या बातमीने वेड लावले. दिवसभर लोकांच्या तोंडातल्या काळोख्या पोकळ्यांत डोकावणारा माणूस तो; त्याला एकदम केवढी तरी मोठी पोकळी दिसली, आणि तिच्यात कुणी दुखतंय म्हणून ओरडत नव्हते. बाजारातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडे टपाल तिकिटांची पाकिटे दोरीला टांगलेली असत. तिथून त्याने रशियाची कुत्री आणली, मग हंगेरीचे उपग्रह, पोलंडची याने. दातांच्या चिमट्याने तो तिकिटे उचली आणि जवळून बघायच्या भिंगातून चांद्रवीरांचे चेहरे न्याहाळी. सगळ्यांचे दात चांगले होते, ह्याचे त्याला समाधान वाटे.

मग त्याला सोनेरी तिकिटे सापडली. अजमान, फुजैरा, उम्म अल कैवैन. ही राज्ये अरबस्तानच्या किनाऱ्यावर कुठेतरी वाळूत होती एवढेच त्याला माहीत होते. तिथून बेटावर कुणाला कधी पत्र आले नव्हते. त्यांच्याकडे रॉकेट नव्हते. डाकघरे तरी किती असतील देव जाणे. पण चंद्राकडे गेलेले प्रत्येक यान आणि वाळूत उमटलेला प्रत्येक बूट त्यांनी झगझगीत सोनेरी वर्खावर छापला होता. दिवसभर कानस लावून सोने पारखणाऱ्याला ह्याचा संशय यायला हवा होता. तो आला नाही. एका धंद्यात माणूस फार काटेकोर असला की दुसरीकडे कुठेतरी विसावा घेतो, तसे काहीसे झाले असावे.

वर्ख दमट हवेत वहीला चिकटे, म्हणून सोनेरी तिकिटे बिस्किटांच्या डब्यात, भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी घालून ठेवली जात. हा डबा दुकानातल्या काचेच्या कपाटात कवळ्यांच्या शेजारी असे आणि नवीन वर्षाला पाहुण्यांसाठी उघडला जाई. पाहुणे अननसाची बिस्किटे खाऊन हात धूत आणि हात मागे बांधून बघत. एका वर्षी कुणीतरी म्हणाले, "एवढ्यात एखादं घर येत असेल, नाही?" पेंग स्यांग हसला आणि त्याने चहा विचारला. पुढच्या वर्षी त्या घराला बाग लागली. त्याच्या पुढच्या वर्षी ते घर टेकडीवर गेले. पेंग स्यांग खोटे कधी बोलला नाही. तो चहा विचारी.

माक आधी ह्या नादाला "चंद्राची कागदं" म्हणे. घर टेकडीवर गेल्यापासून ती "आमच्या जावयाचा संग्रह" म्हणू लागली.

बेटावर तिकीट जमवणाऱ्यांचे एक मंडळ होते. अध्यक्ष ऑगस्टिन रोझारियो, कस्टममधून निवृत्त झालेले. पुलाऊ टिकुस वस्तीत त्यांचा व्हरांडा होता आणि त्यांच्या शब्दाला मान होता. मंडळाने एका शनिवारी प्रदर्शन ठरवले आणि पेंग स्यांगला तिकिटे लावायला पहिल्यांदाच एक चौकट दिली. विषय त्याचाच: माणूस चंद्राकडे. तोवर मंडळात त्याला सगळे 'दातवाले' म्हणून ओळखत. आता त्याने नवीन शर्ट शिवायला टाकला, गल्लीत सांगितले, आणि नमुन्यादाखल थोडी सोनेरी तिकिटे घेऊन रोझारियोंकडे गेला.

रोझारियोंनी तिकिटे उलटसुलट केली आणि विचारले, "लिंबू सरबत घेणार की काहीतरी कडक?"

"कडक लागेल असं काही आहे का?"

"आहे. बस." रोझारियोंनी स्वतःच ओतले. "स्यांग, ही तिकिटं ज्या शेखांच्या नावावर आहेत त्यांनी ती बघितलीही नसतील. परदेशी दलालांनी छापली. पत्रांसाठी नव्हे रे, तुझ्या-माझ्यासाठी. कॅटलॉगवाल्यांनी त्यांना यादीत जागाच दिली नाही."

"पण सोनं?"

"सिगरेटच्या पाकिटात असतं तसलं."

पेंग स्यांगने एक तिकीट उचलले आणि अंगठ्याच्या नखाने कोपरा खरवडला. सोने नखाला लागले. हे तो पाच वर्षांपूर्वीही करू शकला असता.

"परीक्षक हसतील?"

"छे, सभ्य माणसं आहेत. वाईट वाटून घेतील." रोझारियोंनी पुन्हा ओतले. "ते जास्त वाईट. त्यापेक्षा शुक्रवारी ताप आलाय म्हण. चौकट मी दुसऱ्या कुणाला देतो. आपल्या दोघांतच राहील."

पेंग स्यांग घरी आला. डबा पुन्हा कपाटात ठेवायला गेला तर कवळ्या त्याच्याकडे बघून दात विचकत होत्या. तिथे ठेववेना. माडीवर नेला, तर गेक लान विचारणार. शेवटी त्याने तो पितरांच्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर सरकवला, उदबत्त्यांच्या आणि कागदाच्या पुड्यांमागे, आणि शुक्रवारी ताप आणायचे ठरवले.

ताप आणायची वेळ आली नाही. चिनी पंचांगाचा सातवा महिना चालू होता, पितरांचा, आणि त्याच आठवड्यात पौर्णिमा होती. घरोघर पितरांसाठी पाने मांडायची आणि मग सोनेरी कागद जाळायचा, म्हणजे तो तिकडे त्यांना धन होऊन पोचतो. कागदाच्या दुकानात दर वर्षी काहीतरी नवे निघे. आधी नुसते सोनेरी चौकोन होते, मग कागदी सदरे आले, घड्याळे आली, गेल्या वर्षी टेलिव्हिजन आला होता. माकच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दुसऱ्यावर तिचा फाजील विश्वास होता. देव्हाऱ्याखालचे पुडे काढताना तिच्या हाती डबा लागला. उघडला तर सोन्याचे छोटे छोटे कागद, कडा कातरलेल्या, प्रत्येकावर चंद्र.

"बघा," ती शेजारच्या बी ह्वे आचीला म्हणाली, "ह्या वर्षी चंद्राचंसुद्धा काढलं. गेक लानने आणलेलं दिसतंय. महाग असणार."

"काय काय काढतील," बी ह्वे आची म्हणाली. "हे काय, गाडी?"

"चंद्रावर फिरायची असेल. ह्यांना फिरायची फार हौस होती. गुडघे दुखायचे म्हणून टेकडीवरसुद्धा कधी जाता आलं नाही. आता जातील."

दुकानापुढच्या पडवीत रॉकेलच्या रिकाम्या डब्यात जाळ पेटवलेला होता. माकने मूठ मूठ करून तिकिटे सोडायला सुरुवात केली.

पेंग स्यांग त्या वेळी दुकानात होता. खुर्चीत एक टॅक्सीवाला बसला होता, त्याच्या तोंडात साच्याचा लगदा भरलेला होता, आणि तो घट्ट होईपर्यंत पेंग स्यांगने त्याचा जबडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. टॅक्सीवाल्याचे तोंड दाराकडे होते. एकाएकी तो डोळे मोठे करून "अं, अं" करू लागला आणि बोटाने बाहेर दाखवू लागला. पेंग स्यांगने मान वळवली. पडवीत सोनेरी कपचे धुरावर तरंगत होते. एक चांद्रवीर सावकाश वर गेला, काळा पडला आणि खाली आला. शेजारी रिकामा बिस्किटांचा डबा होता आणि माक ओठ हलवत नवऱ्याचे नाव घेत होती. मुठीत अजून बरीच तिकिटे होती.

जबडा सोडून धावता आले असते. साचा बिघडला असता, एवढेच. "हलू नका," पेंग स्यांग टॅक्सीवाल्याला म्हणाला. साचा घट्ट व्हायला जेवढा वेळ लागतो त्याहून जरा जास्तच वेळ त्याने तो जबडा धरून ठेवला.

मग जे झाले ते त्याच्या हातात राहिले नाही. टॅक्सीवाल्याचे तोंड मोकळे होताच त्याने शेवयांच्या गाडीवर जाऊन सगळे सांगितले. गेक लान धावत खाली आली, राखेत हात घालून बसली आणि रडली. पेंग स्यांग तिच्याकडे बघत उभा राहिला. त्याला इतके हलके वाटत होते की चेहऱ्यावर काय आणावे ते सुचेना. म्हणून त्याने काहीच आणले नाही. गल्लीला तो चेहरा फार आवडला. "बघा, सासूला एक शब्द नाही बोलला," लोक म्हणाले. "दुसरा असता तर?" शेवयांच्या गाडीवाल्याने त्या दिवशी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. संध्याकाळपर्यंत जळालेले घर टेकडीवरून समुद्राकाठी आले होते.

दुसऱ्या दिवशी रोझारियो सांत्वनाला आले. गेक लान चहा करायला आत गेल्यावर हळूच म्हणाले, "आग म्हणजे संग्रहाचा इभ्रतीचा शेवट. तापापेक्षा कितीतरी चांगला." मंडळाने ठरवले होते की पेंग स्यांगची चौकट प्रदर्शनाच्या दाराशीच लावायची, रिकामी, काळी फीत लावून, खाली त्याचे नाव. त्याला आयुष्यात कुणी दाराशी लावले नव्हते. तो नको म्हणाला, पण ऐकू जाईल असे म्हणाला नाही.

फक्त माकची कवळी पेल्यात होती.

पहिल्या दिवशी तिने कुणाचे काही मानले नाही. कागद होता, जाळला. मग एकेक जण येऊन तिला समजावू लागला की तिने काय जाळले. बी ह्वे आची तर, आपण साक्षीदार आहोत म्हणून, सकाळ-संध्याकाळ येऊन समजावी. तिसऱ्या दिवशी माक पत्त्यांच्या डावाला गेली नाही. कवळी काढल्यापासून ती फक्त पेज पीत होती, विडासुद्धा सोडला होता. एरवी कवळी पेल्यात असली की पेंग स्यांगला घरात शांतता वाटे. आता त्या पेल्यासमोरून जाताना तो पायांकडे बघू लागला.

शुक्रवारी दुपारी रोझारियो फीत आणि नावाची पट्टी दाखवायला घेऊन आले. शब्द ठीक आहेत का ते बघायचे होते. पट्टीवर 'अपरिमित हानी' असे होते. पेंग स्यांग ते दुसऱ्यांदा वाचत असताना माक माडीवरून उतरली. हातात रुमालाची गाठ होती. तिने ती टेबलावर, काळ्या फितीशेजारी सोडली. आत तिच्या लग्नातल्या तीन पिना होत्या, साखळीने जोडलेल्या, हिऱ्यांच्या. सणासुदीला ती त्यांनी झंपर बंद करी. गेक लानलासुद्धा तिने त्या कधी लावू दिल्या नव्हत्या.

"घे," ती म्हणाली. दातांवाचून शब्द ओले आणि मऊ येत होते. "घर नाही यायचं ह्याच्यात. पण सुरुवात होईल. पुन्हा जमव."

"माक, हे काय," गेक लान म्हणाली.

"तू गप्प. माझ्या हातून झालंय."

रोझारियोंनी पेंग स्यांगकडे पाहिले आणि अगदी किंचित मान हलवली. नको, असा त्याचा अर्थ होता. एक दिवस. उद्या संध्याकाळी प्रदर्शन संपेल. पिना परवा परत करता येतील.

पेंग स्यांगने एक पीन उचलली. हात सवयीने काम करीत होता. कोंदण खरे, सोने खरे, हिरे जुन्या धर्तीचे आणि खरे. त्याने ती पुन्हा रुमालात ठेवली आणि रुमाल सासूकडे सरकवला.

"माक, ती तिकिटं बिनकिमतीची होती."

पेंग स्यांगने नावाची पट्टी पालथी केली.

"सोनं नव्हतं ते. वर्ख. जळायच्या आधीच मला कळलं होतं. तुम्ही काहीच जाळलं नाहीत."

 माक हात पुढे करून म्हणाली, "थांब. गेक लान, माझे दात दे."

पेला आला. माकने पाठ फिरवून कवळी बसवली, दोनदा चावून बघितली आणि वळली.

"आता सांग. खोटी होती?"

"खोटी नाही म्हणता येणार. तिकिटं होतीच, पण किंमत—"

"म्हणजे खोटी."

"त्याचं असं आहे," रोझारियो म्हणाले, "कॅटलॉगमध्ये जे नसतं—"

"मिस्टर, तुम्हाला ठाऊक होतं?"

रोझारियो बिस्किटांच्या बशीकडे बघू लागले.

"ठाऊक होतं, तरी फीत घेऊन आलात. बरं." माक खुर्चीवर बसली. पेंग स्यांगला वाटले होते की तिला बरे वाटेल. तिचा चेहरा उतरला होता. "अरे, तुझं नुकसान झालं ह्याचं दुःख होतंच. पण मनात म्हणत होते, जाऊ दे, म्हाताऱ्याला तरी घसघशीत पोचलं. समुद्राकाठचं घर पोचलं. तिकडे ऐटीत असेल, ह्याला-त्याला कॉफी पाजत असेल. आणि मी काय पाठवलं? सिगरेटचा कागद."

"त्यांना कसं कळणार, माक?" गेक लान म्हणाली.

"कसं कळणार? त्याच्या तोंडात ह्याने बसवलेले दोन सोन्याचे दात आहेत. सोनं हातात पडल्यावर तो पहिलं काय करेल? चावून बघेल."

 दात उत्तम होते, हे पेंग स्यांगलाही नाकारता येईना.

माक उठली, देव्हाऱ्यापुढे गेली आणि उदबत्त्या पेटवल्या. मग कौल लावायचे दोन लाकडी तुकडे काढले. चंद्रकोरीच्या आकाराचे, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. एक सपाट एक फुगीर पडला की होकार. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या की राग. दोन्ही सपाट वर आल्या की ज्याला विचारले तो हसतो आहे, उत्तर देत नाही. तिने ते पेंग स्यांगच्या हातात दिले.

"मी विचारू?"

"सोनं तुझं. तूच विचार. आणि मोठ्याने, त्याला उजव्या कानाने कमी ऐकू यायचं."

पेंग स्यांग गुडघ्यांवर बसला. दारात बी ह्वे आची येऊन उभी होती, तिच्यामागे शेवयांच्या गाडीवरची दोनतीन माणसे. त्याला हळू आवाजात आटपायचे होते. पण सासरे खरेच कमी ऐकत.

"बाबा," तो म्हणाला, "पौर्णिमेला जे आलं ते माझं होतं. त्यात सोनं नव्हतं. मला माहीत होतं. माकला माहीत नव्हतं." त्याने तुकडे मुठीत फिरवले. "आणि जळत होतं तेव्हा मी बघत होतो. धावलो नाही. जबडा धरून बसलो. रागावला असाल तर सांगा."

मागून, गाडीवरच्या माणसांतला टॅक्सीवाला म्हणाला, "तरीच. माझा जबडा दोन दिवस दुखत होता."

पेंग स्यांगने तुकडे टाकले. दोन्ही सपाट.

"हसतोय," बी ह्वे आची म्हणाली.

"पुन्हा टाक," माक म्हणाली.

पुन्हा दोन्ही सपाट. रोझारियो, जे रविवारी न चुकता चर्चला जात, तेही आता मान लांब करून बघत होते. पेंग स्यांगने तिसऱ्यांदा तुकडे उचलले, उदबत्तीच्या धुरावरून फिरवले आणि टाकले. एक जागच्या जागी सपाट बाजू वर करून पडला. दुसरा गिरकी घेत टेबलाच्या पायापर्यंत गेला, तिथे डुगडुगला आणि तोही तसाच पडला.

माकने फोटोकडे पाहिले. फोटोतले दोन पिवळे दात चमकत होते. 

"हसतोय मेला," ती म्हणाली. "जिवंतपणीसुद्धा कधी सरळ उत्तर दिलं नाही." आणि रुमालातून पिना काढून तिने एकेक करून झंपरला लावल्या, साखळी नीट केली. "गेक लान, ह्याच्याकडून पैसे घे आणि चांगला कागद आण. जुना, साधा, चित्र नसलेला. दुप्पट आण."

रोझारियोंनी फीत आणि पट्टी गुंडाळून खिशात घातली. चौकटीचे काय करायचे ते त्यांनी विचारले नाही, आणि पेंग स्यांगनेही नवीन शर्टाबद्दल काही काढले नाही. त्याने त्यांना चहा विचारला.

रात्री गेक लानने पेल्यात ताजे पाणी भरून ठेवले. तो रिकामाच राहिला. माक अजून पडवीत होती; म्हातारा कसा हसला ते गल्लीतल्या निम्म्या घरांना सांगून झाले होते, निम्मी उरली होती.